केझायाच्या हातचं

इंग्लंडातल्या नेटलकम गावच्या सभागृहात, म्हणजे चर्चमागच्या पत्र्याच्या छपराच्या त्या लांबुडक्या खोलीत, चहाची दोनच कामं असत. एक ओतायचं, एक विसळायचं. ओतणारी पुढे उभी राही, पिंपाशेजारी, कपाळावर वाफ घेत, आल्यागेल्याची चौकशी करत. विसळणारी मागे मोरीपाशी. थर्झा गॉलप गेली चाळीस वर्षं मोरीपाशी होती.

तिला तिथे कुणी लावलं नव्हतं. नेटलकममध्ये कुणी कुणाला काही करायला लावत नाही, ती रीतच नाही. लोक फक्त म्हणत, "थर्झा, तुझ्यासारख्या लख्ख बश्या कुणाच्या निघत नाहीत गं." एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं, की माणूस आपल्या पायांनी मोरीकडे जातो. सुरुवातीच्या वर्षांत थर्झा केक करून नेत असे. तो टेबलाच्या अगदी कडेला, फुलदाणीच्या आड ठेवला जाई, आणि संध्याकाळी जसाच्या तसा, फडक्यात गुंडाळून, फार फार आभार मानून तिच्या पिशवीत परत येई. पुढे तिने केक करणं सोडलं. तेव्हा सगळ्यांना किती बरं वाटलं, ते त्यांनी अजिबात दाखवलं नाही. नेटलकमचे लोक फार सभ्य.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. पन्नासपन्नास वर्षं न बोललेली गोष्ट मग गोष्ट राहत नाही, हवा होते. तरुण बायकांना तर कारणही ठाऊक नव्हतं. गॉलपांच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही एवढं त्यांच्या हातांना कळत होतं, जसं गरम भांडं चिमट्याशिवाय धरायचं नाही हे कळतं.

गोष्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या उन्हाळ्यातली. थर्झाचा बाप फ्रान्सच्या चिखलात राहिला होता आणि चर्चपुढच्या दगडावर त्याचं नाव कोरायचं चाललं होतं. गवतकापणीला माणसं उरली नव्हती, म्हणून सरकारने जर्मन कैदी शेतावर धाडले होते. एका दुपारी फार ऊन होतं. थर्झाची आई केझाया फाटकापाशी उभी होती आणि कुंपणापलीकडे एक कैदी गवत उलथत होता. केझायाने त्याला ग्लासभर साइडर दिली, घरच्या सफरचंदांचा रस आंबवून केलेली, तळघरातली गार. तो घटाघटा प्याला. मग त्याने ग्लासाची कड आपल्या सदऱ्याच्या टोकाने नीट पुसली आणि दोन्ही हातांनी ग्लास परत दिला. आठ वर्षांची थर्झा आईच्या झग्याला धरून उभी होती. घडलं ते एवढंच.

दुसऱ्या दिवसापर्यंत गावात पुष्कळ जास्त घडलं होतं.

मग वाजप झाली. वाजप म्हणजे काय हे आता सांगायला हवं, तेव्हा सांगावं लागत नसे. एखाद्याने गावाची मर्यादा सोडली की गाव त्याच्या दारात भांडी घेऊन जाई. पातेली, झाकणं, कोयते, मेंढ्याचं शिंग. तीन संध्याकाळी, जीव नकोसा होईपर्यंत. काठीवर त्या माणसाचं गवताचं सोंग नाचवायचं आणि शेवटी जाळायचं. केझायाच्या दारात शिंग फुंकायला जोब स्क्विब होता, गावचा लोहार. तिसऱ्या संध्याकाळी केझाया बाहेर आली. जुना रिवाज असा की घरच्याने पेय द्यायचं, वाजवणाऱ्यांनी ते प्यायचं, आणि झालं गेलं मिटलं. तिने आपल्या तपकिरी सुरईतून सगळ्यांचे पेले भरले. जोबने आपला पेला वर धरला, गावाकडे पाहिलं, आणि जमिनीवर ओतला. मग सगळ्यांनी ओतला.

त्यानंतर केझाया बत्तीस वर्षं जगली. लोक तिला रस्त्यात नमस्कार करत, हवेबद्दल बोलत, तिच्या कोंबड्यांची अंडी विकतसुद्धा घेत. अंड्याला कवच असतं.

थर्झाने हे सगळं नीट पाहून ठेवलं होतं. तिने लग्न केलं नाही. मोठ्या हवेलीच्या धोबीखान्यात राबली, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि दर शरदात झाडाची सफरचंदं दाबून थोडी साइडर करत राहिली. ती साइडर ती एकटीच पीत असे. वाईट नव्हती.

आणि मग ऑब्री पेनफोल्ड गावात राहायला आले.

हे गृहस्थ शहरात जमीनमोजणीच्या खात्यात होते. निवृत्त होऊन त्यांनी जुनी पाणचक्की घेतली आणि वर्षाच्या आत नेटलकमच्या इतिहासाचं मंडळ काढलं. गावाला आपला इतिहास आहे हे ऐकून गावाला बरं वाटलं. पेनफोल्ड खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून म्हाताऱ्या माणसांकडे जात आणि त्यांचं बोलणं भरून घेत. एका मार्चमध्ये ते थर्झाच्या दारात आले. तिने सवयीने चहा ठेवला आणि सवयीनेच एकच कप काढला, स्वतःचा. आलेला माणूस "नुकताच घेऊन आलोय" म्हणणार, हे तिला पाठ होतं.

"मला मिळेल का अर्धा कप?" पेनफोल्ड म्हणाले. "घसा अगदी सुकलाय."

थर्झाने दुसरा कप काढला. ते प्याले. वर आणखी मागितला. तिने केलेलं बिस्किट चहात बुडवून खाल्लं, त्याचा तुकडा कपात पडला तो चमच्याने काढून खाल्ला. थर्झा बघत राहिली. एखाद्या बाईला नवरा बऱ्याच दिवसांनी घरी आल्यावर जसं वाटत असेल तसं सहासष्टाव्या वर्षी तिला एका टकल्या मोजणीदाराच्या चहा पिण्याने वाटलं. त्या भरात तिने सांगितलं. कैदी, भांडी, शिंग, सोंग, तिसऱ्या दिवशी आई सुरई घेऊन बाहेर आली, इथपर्यंत सांगितलं. आणि तिथे थांबली.

"आणि मग?" पेनफोल्डनी विचारलं.

"मग मिटलं," थर्झा म्हणाली.

पेनफोल्डचे डोळे चमकले. त्या जूनमध्ये राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं होत होती आणि गावोगाव जत्रा भरणार होत्या. शेजारच्या गावाने तलवारींचा नाच ठरवला होता. नेटलकमला वाजप मिळाली. नाटक करायचं, खऱ्या जागी, खऱ्या घरापुढे, आणि शेवटी घरची बाई साइडर देते, सगळं गाव पितं, दिलजमाई. याहून सुंदर काय असणार, ते म्हणाले. आणि ती बाई तुम्हीच व्हायचं. तुमची हरकत नाही ना?

"माझी काही हरकत नाही," थर्झा म्हणाली.

आता नेटलकममध्ये जन्मलेल्या कुणालाही या वाक्याचा अर्थ कळला असता. "हरकत नाही" म्हणजे "कृपा करून आणखी एकदा विचारा." दुसऱ्यांदा म्हटलं तर "नको." पेनफोल्ड शहरातले. त्यांना ते होकारच वाटलं. आणि खरं सांगायचं तर या खेपेला ते होकारच होतं. घरी एकटी असताना थर्झाने सुरई खाली काढली, ओल्या राखेने घासली आणि खिडकीत ठेवली. तिला सोंग दिसत नव्हतं, भांडी ऐकू येत नव्हती. तिला फक्त शेवट दिसत होता. गॉलपांच्या दारात, गॉलपांच्या सुरईतून, सगळं गाव पितंय.

मंडळाच्या बैठकीत पेनफोल्डनी कार्यक्रम मांडला. जो तो आपल्या बशीतल्या बिस्किटाकडे पाहू लागला. चहा ओतायला मेव्हिस होती, जोब स्क्विबची मुलगी. शाळेत ती आणि थर्झा एका बाकावर बसत. पिंपाची तोटी मेव्हिसच्या हातात उघडीच राहिली आणि कप भरून वाहिला. कुणीतरी म्हणालं, त्या दिवशी पाऊस असेल. दुसरं म्हणालं, सभागृहात केलं तर? पेनफोल्ड म्हणाले, छे, जागा खरी हवी. पाद्रीबुवांनी घड्याळ पाहिलं. कुणाच्याही मनात ते नव्हतं आणि कुणीही नको म्हटलं नाही, म्हणून ठराव एकमताने झाला.

नंतर मेव्हिस फडकं घेऊन मोरीपाशी आली. असं ती कधी येत नसे.

"थर्झा, तू नाही म्हणू शकतेस गं."

"तू पण म्हणू शकत होतीस."

मेव्हिसने एक कप पुसला, तोच पुन्हा पुसला. "मी कोण म्हणणार? मला वाटलं तुलाच हवंय."

"मला हवंयच," थर्झा म्हणाली. "शेवटी सगळे पिणार आहेत. तूही."

मेव्हिसने कप खुंटीला अडकवला आणि पुढे निघून गेली.

मे महिन्यात थर्झाने तळघरातल्या पिंपाला तोटी लावली. साइडर निवळ होती, जुन्या मधाच्या रंगाची. ती रोज घोटभर चाखून बघे आणि तिला वाटे, याला कोण नावं ठेवील? एकदा दुकानाकडे जाताना तिने पाहिलं, पेनफोल्ड टेपरेकॉर्डर घेऊन मेव्हिसच्या घरात शिरत होते. तिला बरंच वाटलं. मेव्हिसलाही कुणीतरी विचारायला हवंच होतं. परत येताना खिडकीतून मेव्हिस दिसली, केस नीट विंचरून, रविवारचा ब्लाउज घालून, त्या यंत्राशी बोलताना. चाळीस वर्षं लोकांना "साखर किती?" विचारणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी विचारत होतं. अशी माणसं जरा जास्तच सांगतात.

जत्रेच्या दिवशी इंग्लंडात पडतो तसा पाऊस होता, म्हणजे पडतोय असंही नाही आणि थांबलाय असंही नाही. चौकात कागदी झेंड्यांच्या माळा ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. लोकांनी पावबीव खाल्ला, पोरांनी पोत्यांच्या शर्यती केल्या, आणि चारच्या सुमाराला पेनफोल्डनी टाळी वाजवून सगळ्यांना गॉलपांच्या वाटेने वळवलं.

थर्झा आत बसली होती. आईचा काळा झगा तिला पेनफोल्डनी घालायला सांगितला होता. कमरेला जरा सैल होत होता. शिंग वाजलं. तेच शिंग, स्क्विबांच्या ओसरीवरून काढून आणलेलं. आता ते जोबचा नातू फुंकत होता, हसत हसत, मध्येच त्याचा श्वास संपत होता. मग भांडी. थर्झाला वाटलं होतं आपल्याला काही वाटणार नाही. पण कान आठ वर्षांचेच असतात. तिने टेबलाची कड धरली. खिडकीवरून काठीवरचं सोंग गेलं. डोक्याला कोंबडीची पिसं आणि छातीवर दोन सलगम. पोरं खिदळत होती. कुणीतरी ओरडलं, "केझे, तुझा जर्मन कुठाय?" आणि एवढा मोठा हशा झाला की वाजवणाऱ्यांचा ताल चुकला.

तिने स्वतःला सांगितलं, हे नाटक आहे. शेवट वेगळा आहे.

तीन फेऱ्या झाल्या, सोंगाला काडी लागली, ओलं असल्यामुळे नुसतंच धुमसलं. पेनफोल्डनी ठरल्याप्रमाणे दारावर टकटक केली आणि थर्झा सुरई घेऊन बाहेर आली.

भांडी थांबली. लोक ओळीने उभे होते, हातात पत्र्याचे पेले. ती पहिल्यापासून ओतत गेली. खाटीक. पोस्टातली बाई. पाद्रीबुवा. जोबचा नातू. प्रत्येकाने पेला पुढे केला, प्रत्येकाच्या पेल्यात गॉलपांची साइडर पडली. मेव्हिस ओळीच्या शेवटी होती. तिने पेला खालीच धरला होता, म्हणून थर्झाने तिच्या मनगटाला हात लावून तो वर घेतला. मेव्हिसने तिच्याकडे पाहिलं नाही. ओतून झालं तेव्हा सुरईत तळाला थोडी उरली होती आणि थर्झाला वाटलं, आई, पाहतेस ना.

पेनफोल्डनी हात वर केला. सगळे पेले वर गेले.

हात खाली आला आणि सगळे पेले उपडे झाले.

आवाज फार झाला नाही. गवतावर पाणी पडावं तेवढाच. लगेच टाळ्या सुरू झाल्या, कुणीतरी फोटो काढला, पोरांनी पुन्हा झाकणं बडवली. थर्झाच्या बुटांवर शिंतोडे उडाले होते. मेव्हिसचा पेला तेवढा अजून तिच्या हातात होता, ना वर ना खाली. मग शेजारच्या बाईने तिला कोपराने ढोसलं, आणि तिनेही तो ओतला.

पेनफोल्ड थर्झाकडे आले ते अक्षरशः उजळलेले. त्यांनी तिचा मोकळा हात दोन्ही हातांत घेतला.

"मिस गॉलप, तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं हो. चेहऱ्यावर खरं यायला हवं होतं, आणि काय आलं! खरा शेवट मेव्हिसबाईंनी सांगितला, त्यांच्या वडिलांनी पेला ओतला तो. तुम्ही तो राखून ठेवला होतात, मी समजू शकतो. पण इतिहास म्हणजे इतिहास. तुम्ही रागावला नाहीत ना?"

"नाही," थर्झा म्हणाली. "काही हरकत नाही."

ती आत गेली. झगा काढून घडी घातली, बूट पुसले. पेनफोल्ड तिच्या चहाचे दोन कप प्याले होते आणि त्यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं, हे तिला आता समजलं. ते कुणाच्याही घरी प्याले असते. ज्याला नाही म्हणायचं म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याच्या हो म्हणण्याला काय किंमत?

उजेड होता तोवरच मेव्हिस मागच्या दाराने आली. पुढच्या दाराने यायचं तिचं धाडस झालं नसावं. डोळे सुजले होते. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली.

"मी यंत्राला सांगितलं होतं थर्झा, त्यांना नाही. ते असं करतील असं वाटलं नाही गं. सकाळी त्यांनी सगळ्यांना सांगितलं, ओतायचं म्हणून. मी म्हणणार होते."

"काय म्हणणार होतीस?"

मेव्हिस हातरुमालाची टोकं जुळवत बसली. बाहेर धुमसणाऱ्या सोंगाचा वास येत होता. मग ती म्हणाली, "त्या वेळी माझ्याही हातात झाकण होतं. सहा वर्षांची होते. बाबांनी दिलं होतं."

"मला माहीत आहे," थर्झा म्हणाली. "दुधाच्या पातेल्याचं. निळ्या कडेचं."

मग ती उठली. फळीवर मागच्या बाजूला एकच ग्लास होता, जाड तळाचा, आईच्या सहाच्या संचातला उरलेला. तो तिने खाली काढला, सुरईतली उरलेली साइडर त्यात ओतली आणि मेव्हिसपुढे ठेवली.

"मला डॉक्टरांनी गोड..." मेव्हिस म्हणाली.

"पी."

"थर्झा, अगं..."

"मेव्हिस, इथे कुणी बघत नाहीये. पी."

मेव्हिसने ग्लास उचलला. पहिला घोट गिळायला तिला वेळ लागला, जणू त्यात काही सापडेल अशी तिला भीती होती. मग ती रडत रडत सगळा प्याली, औषध प्यावं तशी, आणि ग्लास टेबलावर ठेवला. कडेवर तिच्या लिपस्टिकचा आणि लाळेचा ओघळ होता. थर्झा वाट पाहत उभी होती. आयुष्यभर जे हवं होतं ते तिच्या स्वयंपाकघरात घडलं होतं. आता काहीतरी हलकं व्हायला हवं होतं. काहीच झालं नाही. टेबल, खुर्ची, नाक ओढणारी एक म्हातारी बाई.

"चांगली आहे," मेव्हिस म्हणाली. तिचा चेहरा सैल पडला होता. मिटलं असं तिला वाटलं होतं. तिने डोळे पुसले आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मग येतेस ना? सभागृहात सगळे कप तसेच पडलेत गं. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

थर्झाने कोपऱ्यातला जुना पेपर घेतला. दोन बोटांनी, कडेला हात लागणार नाही असा, ग्लास उचलला, पेपरात गुंडाळला, कोळशाच्या राखेची बादली उघडली आणि वरून सोडला. फुटल्याचा आवाज मेव्हिसला नीट ऐकू जाईल एवढ्या उंचीवरून.

मेव्हिसचं तोंड उघडं राहिलं. "अगं, चांगला ग्लास होता तो. केझायाचा ना?"

"हो," थर्झा म्हणाली. "त्यातून एक जर्मन प्याला होता. त्याने पुसून परत दिला होता."

तिने बादलीचं झाकण लावलं आणि मागचं दार उघडून धरलं. मेव्हिस गेल्यावर ती ज्या खुर्चीत बसली होती ती थर्झाने सोडा घातलेल्या पाण्याने पुसून काढली. पाठ, हात, बैठक, चारही पाय. तिच्यासारखं लख्ख कुणाचं निघत नसे.